बाबांना भीमकुंड दाखवलं

ऑगस्टातल्या एका रविवारी बाबांना चिखलदऱ्याला नेऊन आणलं. वय ७८. उभा जन्म दर्यापूर तालुक्यात गेला, पण सातपुडा त्यांनी फक्त शेताच्या धुऱ्यावरून, उत्तरेला दिसणाऱ्या निळ्या रेघेसारखा पाहिलेला. ऐन पावसाळ्यात डवरणी-निंदण सोडून शेतकरी कुठे फिरायला जाणार?

अमरावतीहून सकाळची एसटी धरली. मला अर्धं तिकीट, बाबांना पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून मोफत. कंडक्टरनं दिलेलं शून्य रुपयाचं तिकीट त्यांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. परतवाड्याला चहा घेतला आणि पुढे घाट लागला. सागाची पानं खिडकीला घासत होती. वर पोचलो तर धुक्यात समोरचा माणूस दिसेना.

भीमकुंडाच्या कठड्याशी बराच वेळ नुसता आवाज ऐकत उभे होतो. भीमानं कीचकाला मारून याच दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, त्याचाच चिखलदरा झाला, ही गोष्ट बाबांना पाठ आहे. तीच सांगत होते, तेवढ्यात वारा सुटला, धुकं फाटलं आणि काळ्या कड्यावरून पडणारी पांढरी धार एकदम समोर आली. बाबा बोलायचे थांबले.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजत नाही. गोड्या पाण्यासाठी बाबा बैलबंडीवर ड्रम घेऊन जायचे, आणि आई तो ड्रम आठ दिवस पुरवायची. पाहुणा आला की आधी ड्रममध्ये डोकावून बघायची, मग चहा मांडायची. पुढे शहानूर धरणाचं पाणी नळाला आलं तेव्हा पहिल्या दिवशी तिनं नळाला हळदीकुंकू वाहिलं होतं.

"हे पानी कुठी जाते वं?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाबा, आपली शहानूर याच डोंगरातून निघते. आपल्या नळाला येतं ते याच डोंगरातलं पाणी."

ते कठडा धरून उभेच राहिले. छत्री माझ्या हातात, आणि त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मीही चला म्हटलं नाही. भुट्टेवाल्या कोरकू बाईनं दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे वळले. दोन भुट्टे घेतले, तिखट-मीठ लावून. मग बाबांनी तिलाच विचारलं, धार कुठवर टिकते, उन्हाळ्यात तुमच्याकडे पाणी कसं? ती म्हणाली, उन्हाळ्यात इथं दगडच राहतात, आम्हालाही टँकरची वाट पाहावी लागते. बाबांच्या हातातला भुट्टा तसाच राहिला. "वरतंबी तेच हाये का?" एवढंच म्हणाले.

देवी पॉइंट, गाविलगड राहूनच गेलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. खवा तेवढा घेतला, गावाकडे आत्याला पाठवायला.

परतीला घाट उतरल्यावर मोबाइलला रेंज आली, तसा त्यांनी आत्याला फोन लावला. एसटीच्या खडखडाटात ओरडून सांगत होते, "अवं, नळ आला का आज? भरून ठेव. मी तथी वरतं जाऊन पाहून आलो."