टेकऑफचं अंतर: हिशेब गुणाकाराचा

छोट्या विमानाला टेकऑफसाठी किती धावपट्टी लागते ते हँडबुकात दिलेलं असतं, आणि बरेच पायलट तो आकडा जसाच्या तसा धरतात. पण तो असतो नव्या कोऱ्या विमानाचा, कसलेल्या चाचणी पायलटचा, सपाट आणि कोरड्या डांबरी धावपट्टीवरचा. सेसना १७२एस घ्या. समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, पूर्ण वजनासह ५० फुटांचा अडथळा ओलांडायला साधारण ५०० मीटर लागतात. आता धावपट्टी कोरड्या गवताची असेल तर गुणिले १.२. पुढे २ टक्के चढ असेल तर १.१. पाठून ५ नॉट (ताशी सुमारे ९ किमी) वारा, म्हणजे उडण्याच्या वेगाच्या साधारण दहावा हिस्सा, त्याचे १.२. झाले ७९० मीटर. हे गुणक ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या सुरक्षा पत्रकातले आहेत. त्यावर आणखी १.३३ चा सुरक्षा गुणक लावा असंही त्यात म्हटलंय. तो धरला की १,०५० मीटर. टक्क्यांची नुसती बेरीज करणाऱ्याला हेच उत्तर ९१५ मीटर येतं. मधले १३५ मीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण धावपट्टीच्या टोकाला झाडं असतील तर तेवढ्यातच सगळं आलं.

उष्णतेचा हिशेब वेगळा करावा लागतो. प्रमाण तापमान समुद्रसपाटीला १५ अंश, आणि दर हजार फुटांना २ अंश कमी. विमानतळ २,००० फुटांवर असेल तर प्रमाण तापमान ११ अंश. हवेचा दाब प्रमाणाइतकाच आहे पण पारा ३५ वर गेलाय, म्हणजे फरक २४ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, सुमारे ४,९०० फूट येते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे ढोबळमानाने ३ टक्के ताकद गमावतं. वर आणखी एक गोष्ट सहज निसटते: वेगदर्शकावर नेहमीचाच वेग दिसत असला तरी विरळ हवेत जमिनीवरचा प्रत्यक्ष वेग ७ टक्क्यांनी जास्त असावा लागतो. म्हणजे कमी ताकदीने जास्त वेग गाठायचा. अशा वेळी मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पूर्ण रिच, म्हणजे जास्त इंधनाचं, ठेवून निघणं म्हणजे उरलेली ताकदही फुकट घालवणं. उंचावरच्या विमानतळावर पूर्ण थ्रॉटलला (इंजिनाची ताकद पूर्ण वाढवून) ते हँडबुकाप्रमाणे लीन, म्हणजे कमी इंधनाचं, करून घ्यावं.

वजनाच्या बाबतीत चार सीट म्हणजे चार माणसं हा समज महागात पडतो. १७२एस चं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमान ७५० किलो धरलं आणि टाक्या भरल्या (वापरता येणारं इंधन सुमारे २०० लिटर, म्हणजे १४४ किलो), तर उरतात २६३ किलो. ८० किलोची चार माणसं ३२० किलो होतात, सामान वेगळंच. एक तर ८० लिटर इंधन कमी भरा, नाहीतर एकाला खाली ठेवा. १० टक्के जादा वजनाला गुणक १.२ आहे, आणि जड सामान मागे गेलं तर नाक आपोआप वर उचलू पाहतं.

इंधनाचा नमुना प्रत्येक ड्रेनमधून (तळाच्या निचरा-झडपेतून) काढावा. १७२एस ला ते १३ आहेत. १००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं, पाणी तळाशी जाऊन बसतं. बाटलीत दोघांमधली रेघ दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण बाटलीभर नुसतं पाणीच आलं तरी रेघ दिसत नाही. रंग आणि वास बघावा. सीटचंही तसंच. हँडल सोडल्यावर मागेपुढे जोराने हलवून पिन रुळाच्या भोकात बसली का ते बघा. पिन अर्धवट अडकली असेल तर वेग घेताना किंवा नाक वर उचलताना सीट मागे घसरते, पायलट आधारासाठी योक (विमानाचं नाक वर-खाली करणारं हँडल) घट्ट धरून स्वतःकडे ओढतो आणि पाय रडरच्या पेडलपासून सुटतात. नाक वर, वेग कमी, पुढे स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं.

धावताना साधी खूण: निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उडण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग यायला हवा. वेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हा नियम ढोबळ असूनही टिकतो. ती निम्मी जागा नेमकी कुठे येते, कुठला टॅक्सीवे किंवा कुठला फलक, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा. तिथे वेग आला नाही तर थ्रॉटल बंद, ब्रेक, फ्लॅप (पंखांमागच्या हलत्या पट्ट्या) वर. लवकर नाक ओढलं तर ग्राउंड इफेक्टमुळे (जमिनीलगत पंखांना मिळणाऱ्या आधारामुळे) विमान उचललं जातं खरं, पण पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीएवढ्या उंचीवर गेलं की तो आधार संपतो आणि ते चढेनासं होतं. मग योक आणखी ओढण्याचा मोह होतो. तिथे नाक खालीच ठेवून वेग वाढू द्यावा लागतो.

उडाल्यावर इंजिन गेलं तर आधी नाक खाली, १७२एस ला फ्लॅप वर असताना ७० नॉट, आणि समोरच्या ३० अंशांच्या टप्प्यात मिळेल ती मोकळी जागा. मागे वळायचं झालं तर किमान किती उंची हवी, हा आकडा थ्रॉटल पुढे करण्याआधी मोठ्याने म्हणून टाकावा.