लायब्ररीतली छत्री

गुरुवार, रात्री उशिरा

आज दिवसभर चिडचिड चाललीय आणि कारण इतकं फुटकळ आहे की शिरीषला सांगायचीसुद्धा लाज वाटली. ऑफिसातल्या डेव्हने माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. त्याच्याबद्दलची, मी लिहिलेली. तो कसा हसतो, कशावर वैतागतो, मीटिंगमध्ये गप्प बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालू असतं असं मला वाटतं. वर हेही सांगून मोकळा, की खरं लिही, श्रद्धांजली नको.

ती पानं त्याच्या खोक्यात जाणार. खोकं कॅन्ससमध्ये, हचिन्सन गावच्या मिठाच्या खाणीत, जमिनीखाली ६५० फूट. कोरडी हवा, वर्षभर एकच तापमान. सिनेमावाल्यांची जुनी रिळंही तिथेच असतात. डेव्ह स्वतः मात्र मेल्यावर इथेच, ॲरिझोनात स्कॉट्सडेलला, अल्कॉर नावाच्या, मेलेल्यांचे देह जपून ठेवणाऱ्या संस्थेच्या टाकीत, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये. पुढे कधी शास्त्राला जमलं आणि त्याला उठवलं, तर उठला तो डेव्हच का हे ताडून बघायला, आणि मधल्या मधे काही पुसलं गेलं असेल तर ते भरून काढायला हे खोकं.

त्याच्या मनगटातलं स्टीलचं कडं मी कायम बघत आलेय. मला वाटायचं, पेनिसिलिन चालत नसेल, त्याची सूचना असेल. आज काढून हातात दिलं. बारीक अक्षरात: अमुक नंबरला ताबडतोब फोन करा, रक्त गोठू नये म्हणून हेपरिन द्या, बर्फात ठेवा, शवविच्छेदन नको, देहात रसायनं भरू नका. वाचून परत दिलं आणि म्हटलं, लिहीन की. दुसरं काय म्हणणार? मग डबा खाल्ला. भेंडी होती.

तेव्हापासून हे सुरू.

शेवटी रात्री जेवताना शिरीषला सांगितलंच. तो हसला. म्हणाला, "फ्रीजरमधल्या पोळ्या परत कधी तशा लागतात का, विचार त्याला." मी म्हटलं, हे लोक तसं गोठवत नाहीत. रक्त काढून त्या जागी एक द्रावण भरतात, म्हणजे बर्फाचे स्फटिक होत नाहीत, सगळं काचेसारखं घट्ट होतं. मिनेसोटा विद्यापीठात २०२३ साली उंदरांची मूत्रपिंडं १०० दिवसांपर्यंत अशी ठेवून, परत बसवून चालवून दाखवलीत. शिरीष म्हणाला, मूत्रपिंडाला आठवणी नसतात. आणि झोपायला गेला. म्हणजे बघा, चिडले होते डेव्हवर आणि भांडले डेव्हच्या बाजूने.

पण खरंच डेव्हवर चिडलेय का?

आधी वाटलं, पैशाचं खुपलं असेल. सबंध देह ठेवायचा तर २ लाख डॉलरच्या वर, नुसतं डोकं ठेवायचं तर ८०,०००. लोक त्यासाठी आयुर्विमा काढतात आणि लाभार्थी म्हणून अल्कॉरचं नाव घालतात. डेव्हने डोक्याचाच पर्याय घेतलाय, "गुडघे तसेही कामातून गेलेत" म्हणाला. पण नाही, पैशाचं नाही. त्याचे पैसे, त्याचं डोकं.

खुपलं ते हे, की त्याला किती सहज वाटलं. की आपल्यात ठेवण्यासारखं काहीतरी आहे. त्याच्या बोलण्यात गर्व नव्हता, गाडीच्या विम्याबद्दल बोलावं तसं बोलत होता. मी आहे, मी असत राहावं, त्यासाठी काय काय लागतं त्याची ही यादी. बस्स. एक्सेलच्या खान्यांना रंग देण्यात दुपार घालवणारा माणूस हा. आणि मला, इतक्या वर्षांत, एकदाही वाटलं नाही. स्वर्ग, पुनर्जन्म वगैरे सोडा. मला ठेवावं असं. मला, अशी ही जी आहे ती.

ठेवणारी मी आहे ना घरातली. सासूबाईंचा शालू मलमलीत गुंडाळून मी ठेवला. नीलचे दुधाचे दात, त्याची पहिलीतली चित्रं, बाबांचं सर्व्हिस बुक, शिरीषच्या काकांनी १९८० च्या सुमाराला पाठवलेली आंतर्देशीय पत्रं, ज्यात पावसापाण्याखेरीज काही नाही, ती पण. माझं कुणी काय ठेवलंय? कुठल्या कपाटात? हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलंय आणि त्याचाही राग येतोय.

झोप येत नाही म्हणून वाचत बसले. असा ठेवलेला पहिला माणूस जेम्स बेडफर्ड, मानसशास्त्राचा प्राध्यापक, १२ जानेवारी १९६७ ला कॅलिफोर्नियात गेला, तेव्हापासून तसाच आहे. इतका टिकला तो घरच्यांमुळे. वर्षानुवर्षं या जागेतून त्या जागेत हलवत सांभाळला त्यांनी. त्या काळातल्या बाकीच्यांचं तसं नाही झालं. कॅलिफोर्नियातल्याच चॅट्सवर्थच्या दफनभूमीतल्या तळघरात काही देह होते. नातेवाईक पैसे देईनासे झाले, नायट्रोजन संपला आणि सगळे वितळले. १९७९ मध्ये ते बाहेर आलं. आता म्हणूनच अल्कॉर सगळे पैसे एकरकमी घेते, त्यातले काही ट्रस्टमध्ये टाकते, त्यावर टाक्या भरत राहते. विजेवर काही चालत नाही, मोठाले थर्मास आहेत ते, अधूनमधून नायट्रोजनची भर घातली की झालं. आख्खे देह उलटे ठेवतात, डोकं खाली. गळती लागलीच तर डोकं शेवटी उघडं पडावं म्हणून.

म्हणजे ट्रस्ट हे घरच्यांना काढलेलं उत्तर. डेव्हला घरचे कोणी नाहीत, त्याच्या ते पथ्यावर पडलं. आणि पानं मागायला? तिथे मात्र ट्रस्ट चालत नाही, तिथे समोरच्या टेबलावरची बाई लागते. (हे सुचल्यावर थोडं बरं वाटलं. थोडंच.)

त्याने आणखी एक सांगितलं दुपारी. म्हणे, हृदय बंद पडलं म्हणजे माणूस मेला असं आम्ही मानत नाही. मेंदूतली मांडणी शाबूत असेल तोवर तो आहेच. ती पुसली गेली, कुठूनच परत जुळवता येत नाही अशी, की मग मेला. त्यांच्यातल्या पुष्कळांना मरणापेक्षा विसरण्याच्या आजाराची भीती जास्त. तो आला की टाकीत ठेवण्यासारखं काही उरत नाही.

आईने रविवारी व्हिडिओवर मला विचारलं, "तुम्ही कुठल्या?" म्हटलं, भुसावळची. "अगंबाई, आम्हीपण!" इतकी खूश झाली.

असो. तो विषय आज नको.

बाबांचं दहावं मात्र सारखं आठवतंय. तापीवर, ऊन असं की दगडावर पाय ठरेना. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून बघत होता नुसता. अण्णा पुढे झाले, म्हणाले, वहिनींची काळजी करू नकोस, आम्ही आहोत. नाही शिवला. दादा म्हणाला, घराचं कर्ज मी फेडीन. नाही. आत्याने माझ्या लग्नाचं कबूल केलं, माझ्याकडे न बघता. तरी नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, तेवढ्यात मागून विन्या, जो बाबांचा कुणीही नव्हता, शेजारचा नुसता, पुढे आला आणि म्हणाला, "काका, तुमची छत्री इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत राहिलीय. मी घेऊन येतो."

शिवला.

विज्ञानाच्या शिक्षिकेची मुलगी आहे मी, कावळ्याला भूक लागली असणार हे मला कळतं. पण त्या छत्रीचं आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबा आजारी पडण्याआधी रोज संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये पेपर वाचायला जायचे आणि विन्या तिथे कॅरम खेळायचा. शेवटच्या वेळी बाबा छत्री विसरले, घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि मग उठता आलं नाही. हॉस्पिटलात विन्याला म्हणाले होते दोनदा. आम्हाला नाही. आम्हाला कशाला सांगतील, आम्ही ओरडलो असतो, आत्ता छत्रीचं काय घेऊन बसलात.

बाबांचं खोकं आम्ही भरलं असतं तर त्यात काय गेलं असतं? सर्व्हिस बुक, निवृत्तीच्या समारंभातला हार घातलेला फोटो, पंचम वेतन आयोगाची कात्रणं. खोक्यातनं उठवलेल्या त्या बाबांना छत्रीची आठवण झाली नसती. आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं.

तर माझी छत्री कुणाला माहीत आहे? हे एवढंच आहे माझं. तासभर लिहून इथे आले.

नीलला मेसेज केला होता मगाशी, की तुला माझ्याबद्दल दोन पानं लिहायला सांगितली तर? त्याने हसणारा चेहरा पाठवला आणि लिहिलं, तुझ्या फोनमध्ये सगळं असतंच की. मग मी फोन उघडून बघितला, त्या नजरेने. जेवलास का. पोचलास का. जेवलास का. स्वेटर. ओके. जेवलास का. कुणाच्या कुणाच्या वाढदिवसाचे केक. हळदीचे डाग कसे घालवायचे, हे पुन्हा पुन्हा शोधलेलं. यातून मला उभी केली तर जी बाई उठेल ती शतकानुशतकं दिसेल त्याला जेवलास का विचारत हिंडेल. आणि वाईट हे, की शिरीष आणि नील दोघंही म्हणतील, हो हो, हीच.

आणि उठवतील कोण? स्कॉट्सडेलचीच माणसं. डोळे उघडले की म्हणतील, "गुड मॉर्निंग, सू." मी लगेच ऑफिसातल्या आवाजात म्हणेन, गुड मॉर्निंग, किती छान हवा आहे. शुद्ध, गोड, ॲरिझोनाचं इंग्रजी. ते फॉर्मवर खूण करतील, ओळख पटली. आतली भुसावळची कार्टी अजून झोपलेलीच असेल, तिला हाक मारायला कुणाला सुचणारच नाही. तिला त्या नावाने हाक मारणारं माणूस आत्ताच... असो म्हटलं ना.

आता मात्र हसायला येतंय. ही अल्कॉरची सगळी मंडळी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातून इथे आली, कारण तिथे भूकंपाची भीती. आणि आली कुठे, तर जिथे दर उन्हाळ्यात उन्हाने माणसं मरतात अशा गावी. भुसावळकरणीला हे ऐकून गहिवरून येतं. आणि तो एटिंजर, ज्याने ही कल्पना १९६०च्या दशकात पुस्तक लिहून मांडली. फिजिक्सचा मास्तर. २०११ मध्ये ९२ व्या वर्षी गेला आणि मिशिगनला त्याच्याच संस्थेत गोठवलेला आहे. सोबत आई. सोबत पहिली बायको. सोबत दुसरी बायको. ज्या दिवशी ती चौघं एकदम उठतील त्या दिवशी मला तिथे कोपऱ्यात उभं राहायला मिळालं तर मी ८०,००० द्यायला तयार आहे.

शिवाय आमच्याकडे हे आधीच होऊन गेलंय. आमच्या गावापासून जवळच चांगदेवाचं देऊळ. काळ न्यायला आला की प्राण ब्रह्मांडी चढवून बसायचा, काळ परत गेला की खाली. असं करत करत चौदाशे वर्षं. एवढं जगून ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला तर सुरुवात कशी करावी ते ठरेना, शेवटी कोराच कागद धाडला. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. लहानपणी या गोष्टीला आम्ही फार हसायचो. माझ्यासमोर आत्ता डेव्हच्या नावाचं पान आहे, त्यावरही अजून नुसतं ‘डेव्ह’ एवढंच आहे. आणि खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल मला पुष्कळ माहीत आहे. तो खोटं बोलताना चष्मा पुसतो. एकटा असला की लिफ्टशी बोलतो. नाताळच्या आधी आठवडाभर फार विनोद करतो. हे सगळं उद्या लिहीन. माझं मलाच आश्चर्य वाटलं की मी हे बघून ठेवलंय. कुणी सांगितलं नव्हतं.

मी जाळूनच घेणार, ते ठरलेलंच आहे. दहाव्याचं काय ते बघतील. इथे कावळे नावालाच, त्यांच्याऐवजी ग्रॅकल आहेत, काळेकुळकुळीत, लांब शेपटीचे, पार्किंगमध्ये माणसाच्या हातातलं फ्राइज उचलणारे. ते कुणी काही कबूल करायची वाट बघायचे नाहीत. भात ठेवायच्या आत झडप. माझी एकही इच्छा ओळखायची वेळ कुणावर येणार नाही, सगळे बाराच्या आत घरी.

तरी आत जाऊन शिरीषला हलवलं. झोपेतच होता. विचारलं, समज माझा कावळा शिवला नाही, तर तू काय म्हणशील रे?

बराच वेळ काही नाही. मला वाटलं परत झोपला.

मग म्हणाला, "म्हणेन, डिशवॉशर नीट लावीन. लावला तरी तुला पटणार नाही, तू उठून येशील परत लावायला," आणि कूस बदलली.

बघून आले. वाट्या सरळ ठेवल्यात त्याने, उपड्या नाही. सगळं पाणी साचणार.