सायनसचं तोंड आणि सायनसचं भोक

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकांचं सायनसचं पहिलं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. डाव्या गालाच्या सायनसला, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीला, मोठं भोक केल्याची नोंद कागदपत्रांत होती. तरीही या शिक्षकांच्या घशात सकाळ-संध्याकाळ पिवळट, चिकट शेंबूड उतरायचा; तास घेताना सारखं खाकरावं लागायचं. अँटिबायोटिक्स, स्टिरॉइडचे स्प्रे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, सगळं करून झालं होतं. "डॉक्टर, भोक पाडलंय ना, मग निचरा का होत नाही?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

ओपीडीत 4 टक्के लिग्नोकेन (बधिर करणारं) आणि ऑक्सिमेटाझोलिन (नाकाची सूज उतरवणारं) यांत भिजवलेल्या पट्ट्या दहा मिनिटं नाकात ठेवल्या आणि 30 अंश तिरकं पाहणारी दुर्बीण आत घातली. मधल्या टर्बिनेटच्या, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या वळलेल्या हाडाच्या, आड, बरंच मागे, जुनं भोक दिसलं. वाटाण्याएवढं, कडा चांगल्या भरलेल्या. दुर्बीण तिथेच स्थिर धरली. भोकाच्या पुढे अन्सिनेट नावाचं विळ्यासारखं पातळ हाड असतं. त्याचा अर्धा तुकडा अजून जागेवर होता. त्याच्या आडून शेंबडाची जाडसर तार बाहेर आली, सावकाश मागे सरकली आणि भोकातून पुन्हा सायनसमध्ये शिरली. मिनिटभर पाहत राहिलो, फेरा चालूच होता.

सायनस काही हौद नाही, की भोक पाडलं आणि रिकामा झाला. त्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस, सिलिया, शेंबूड नैसर्गिक तोंडाकडे, म्हणजे सायनसच्या मूळच्या वाटेकडेच ढकलतात, तेही गुरुत्वाच्या उलट, वरच्या दिशेने. वाटेत दुसरं भोक आलं तरी प्रवाह त्याला वळसा घालून जातो. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे मेसरक्लिंगर यांनी हे वहनमार्ग तपशिलाने अभ्यासले, आणि आजची दुर्बिणीची सायनस शस्त्रक्रिया त्याच पायावर उभी आहे. इथे भोक आणि तोंड वेगवेगळे राहिले होते. अन्सिनेट पूर्ण निघालं नाही की हे होऊ शकतं, कारण तोंड त्याच्याच आड दडलेलं असतं आणि शून्य अंशाच्या सरळ दुर्बिणीला ते दिसत नाही.

सीटी औषधांचा पूर्ण कोर्स झाल्यावर काढला. ऐन सर्दीतल्या सीटीत सगळंच भरलेलं दिसतं, त्यावरून काही ठरवता येत नाही. कोरोनल (समोरून दिसणारे उभे) काप एकेक करून पाहिले: उरलेलं अन्सिनेट डोळ्याच्या खोबणीच्या भिंतीला किती खेटलंय, ती भिंत कुठे तुटलेली तर नाही, मेंदूखालचं छत किती खाली आहे. पुन्हा करायच्या ऑपरेशनात जुन्या खुणा पुसलेल्या असतात, म्हणून यात घाई नको.

पूर्ण भूल दिली, डोकं 15 अंश उंच ठेवलं. रक्तस्राव कमी करणाऱ्या 1:1000 ॲड्रिनॅलिनच्या पट्ट्या नाकात मोजून ठेवल्या, दहा मिनिटं थांबलो आणि मोजूनच काढल्या. दुर्बिणीच्या कामात रक्ताचा एक थेंब काचेवर आला तरी सगळं लाल होतं. पट्ट्यांची ती दहा मिनिटं पुढचा तासभर वाचवतात. डोळा झाकला नव्हता. बाहेरून हलकेच दाबला की आतली भिंत हलते का, ते मधूनमधून पाहत होतो.

टोकाला गोळी असलेला वाकडा प्रोब (सळईसारखं हत्यार) अन्सिनेटच्या मागून घालून ते पुढे ओढलं आणि मागून पुढे चावत येणाऱ्या पकडीने कातरलं. ही पकड पुढे किती न्यायची, हाच खरा धोका. हाड कडक लागलं की थांबायचं, कारण तिथे अश्रुनलिका असते. तिला इजा झाली तर डोळा सतत पाणावत राहू शकतो. मग 45 अंशांची दुर्बीण लावली तेव्हा तोंड दिसलं: आडवं, लंबगोल, शेंबडाने बुजलेलं. तोंड आणि भोक यांमधला पडदा सरळ कापणाऱ्या पकडीने काढला. अस्तर ओढून सोलायचं नाही. हाड उघडं पडलं की खपल्या धरतात आणि सिलिया परत यायला महिने लागतात.

घरी दिवसातून दोनदा सलाइनची धुलाई, पाणी उकळून कोमट केलेलं; नळाचं तसंच वापरायचं नाही. दहा दिवस नाक शिंकरायचं नाही. सातव्या दिवशी खपल्या काढल्या.

सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. आता एकच तोंड होतं. त्याच्या पुढच्या कडेवरून पातळ, पारदर्शक धार निघून थेट नाकाच्या मागे जात होती.