पंक्चर शेवटी, आधी चाक

सायकल दुरुस्ती शिकवतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पंक्चर येतं. मी पंक्चर शेवटी शिकवतो. सुरुवात चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढण्यापासून, कारण कारागिराचा हात तिथे घडतो.

आमचा वर्ग बडोद्याच्या दांडिया बाजारात, संध्याकाळी. मुलं मराठी आणि गुजराती घरांतली, बोलणं दोन्हींची मिसळ. सायकल उलटी ठेवायची, चाक धरणाऱ्या काट्याला (फोर्कला) टेकवून खडू धरायचा आणि चाक फिरवायचं. रिम जिथे बाहेर झुकते तिथे खडू उमटतो. डावीकडे झुकली असेल तर त्या जागेचे उजव्या बाजूचे आरे आवळायचे, डावीकडचे तेवढेच सैल करायचे. आऱ्याच्या रिमकडच्या टोकाला निपल, म्हणजे छोटा नट, असतो; तो पाव फेरा फिरवायचा, मग चाक पुन्हा फिरवून बघायचं. नुसतं आवळत गेलं तर आउट निघतो, पण रिम तिथे आत ओढली जाते आणि चाक उड्या मारायला लागतं.

परवा एका मुलीने विचारलं, "काका, उजवीकडे फिरवते तरी सैलच का होतंय?" ती निपलकडे हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, बाजूने बघत होती. मी टायर-ट्यूब उतरवली आणि तिच्या हातात डिसमिस दिला (स्क्रूड्रायव्हरला बडोद्यात हेच म्हणतात). निपलच्या डोक्याला खाच असते, तिथून तेच निपल तिने उजवीकडे फिरवलं. आवळलं गेलं. पुन्हा हबकडून बघितलं तर तीच फिरकी डावीकडची दिसते. तिला नियम पाठ करावा लागला नाही.

हे "का" दुकानात सहसा मिळत नाही. पोरगं उस्तादाच्या हाताखाली महिनोन्‌महिने बेअरिंगचे छर्रे धूत बसतं. छर्रे दाबून धरणारा कोन (शंकूसारखा नट) किती आवळायचा, डाव्या पेडलचे आटे उलटे का, हे त्याने चोरून बघायचं. जे समजावून सांगता येतं ते असं दडवून ठेवणं मला अन्याय वाटतो.

पालक विचारतात, हे शिकून काय होणार? सयाजीराव महाराजांनी 1890 साली याच शहरात कलाभवन उघडलं. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली रंगकाम आणि यंत्रकाम हे शिकवायचे विषय झाले, तेही मातृभाषेतून. त्या गावात सायकलीचं काम कमीपणाचं कसं मानायचं?

आणि त्यात हिशेब आहे. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे अशी 24 अंतरं नव्या चेनवर बरोबर 12 इंच भरतात. 12 इंचांवर इंचाचा सोळावा भाग जास्त भरली की चेन बदलायची, नाहीतर ती फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दातेही खाऊन टाकते. मुलांना मी सांगतो, पट्टी गिऱ्हाइकासमोर लावा. माप डोळ्यांनी दिसलं की माणूस पैशावरून घासाघीस कमी करतो, आणि मजुरी मागताना पोराची मानही खाली जात नाही.

पुढच्या बॅचला ऑइलचे डिस्क ब्रेक घेणार आहे. असे ब्रेक असलेल्या गिअरच्या सायकली सोसायट्यांमधून भरपूर दिसतात, पण साध्या दुकानात त्यांना हात लावायला कचरतात. शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. त्यात मोटरसायकलच्या ब्रेकचं डॉट ऑइल भरलं तर आतली सीलं फुगतात आणि ब्रेक जातो. म्हणून पहिल्या तासाला ब्रेक उघडायचाच नाही, फक्त लीव्हरवर काय छापलंय ते वाचायचं.