दादाची दारू अन् खजुराचं पाणी

परळीच्या बाजारात एकानं वहिनीला पुडी दिली होती. "न सांगता चहात टाका, आठ दिवसांत दारू सुटंल." दीड हजार गेले, दादा पीतच राहिला. वर उलट्या लागल्या. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही.

मग दादानं हट्टानं एकदम सोडली. तिसऱ्या रात्री हात इतके थरथरत होते की स्टीलचा पेला दातांवर वाजायचा. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून उशीनं पुसत बसला. वैद्यबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "आधी दवाखाना, माझं औषध नंतर." सलाईन, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. जीव वाचला.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला 24वा अध्याय मदात्ययाचाच, म्हणजे अति दारूनं होणाऱ्या आजाराचा, हे बाईंनीच सांगितलं. सोडलेली दारू अचानक भरमसाठ प्यायल्यानं होणारे ध्वंसक अन् विक्षय हे विकारही त्यात आहेत. म्हणून त्या दादाला दर सोमवारी समोर बसवून विचारायच्या, "घेतली का?"

घरी खर्जूरादि मंथ, म्हणजे खजुराचं घुसळलेलं पाणी. खजूर, मनुका, चिंच, आमसूल, डाळिंब, फालसा, आवळा. वहिनी रवीनं घुसळायची. संध्याकाळी सातला, गुत्त्याच्या वेळेलाच, तो आंबटगोड पेला दादाच्या हातात असायचा. माझ्या मते निम्मं औषध त्या वेळेत होतं.

पेला आता वाजत नाही.