ठोके दिसलेली गाय

कबरी गोठ्यात नव्हती. तिच्या खुंट्याला एक कालवड बांधली होती, आणि आप्पा माझ्याकडे न बघता "चहा टाक गं" म्हणत आत गेले. गोठेवाला इतक्या तातडीने चहा सांगतो तेव्हा एक तर डॉक्टरचे पैसे थकलेले असतात, नाहीतर जनावर विकलेलं असतं. आमची तपासणी फुकट होती.

"विकली, मॅडम. काष्टीला. पोरीच्या ॲडमिशनचं होतं."

मी पशुप्रजननशास्त्रात पीएच.डी. करते. श्रीगोंदा तालुक्यातल्या संकरित होल्स्टिन गाई, आणि कृत्रिम रेतनानंतरचे पहिले साठ दिवस, एवढाच माझा विषय. बाहेरच्यांना वाटतं गाय एक तर गाभण राहते, नाहीतर राहत नाही. पण रेतन वेळेवर आणि नीट झालं तर दहातल्या आठ-नऊ गाईंत बीज फळतं, आणि वासरू मात्र निम्म्याहून कमी गाईंना होतं. मधले गर्भ जातात. बहुतेक पहिल्या अडीच आठवड्यांतच जातात, गाय एकविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माजावर येते, मालक म्हणतो "उलटली", आणि रेतन करणाऱ्याला नाहीतर कांडीला, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या नळीला, शिव्या घालतो. शिव्यांना कधीकधी आधारही असतो. नायट्रोजनच्या कंटेनरमधून काढलेली कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, एवढं साधं काम. ती हातावर चोळून, काखेत दाबून गनमध्ये भरणारे महाभाग मी पाहिले आहेत. पण सगळा दोष त्यांचाही नसतो.

सोळाव्या-सतराव्या दिवशी गर्भाला आपण असल्याचं कळवावं लागतं. तोवर तो लांबच लांब, बारीक तंतू झालेला असतो आणि इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडत असतो. ते पुरेसं पोचलं तर गर्भाशय पीतपिंड विरवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचा मारा करत नाही, बीज सुटल्यावर बीजांडकोशावर तयार झालेला पीतपिंड टिकतो आणि गाभण टिकवणारं त्याचं प्रोजेस्टेरॉन चालू राहतं. कमी पडलं तर पीतपिंड विरतो आणि गाय पुन्हा माजावर. हे प्रथिन इंटरफेरॉनच्या कुळातलं आहे हे १९८७ साली मेंढ्यांवरच्या कामातून समजलं. मी शिकवणीला असते तर यावर तासभर बोलले असते. गोठ्यात कुणाला ऐकायचं नसतं, आणि त्यांचं बरोबर आहे.

माझा प्रयोग असा: रेतनानंतर पाचव्या दिवशी निम्म्या गाईंना जीएनआरएच या संप्रेरकाचं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं सलाइन. जीएनआरएचने त्या वेळी वाढलेलं मोठं बीजपुटक, म्हणजे आत बीज असलेला फोड, फुटतं, जादाचा एक पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन वाढतं. त्याने गर्भ टिकतात का, एवढाच प्रश्न. कुठल्या गाईला काय दिलं ते पाकीट गाईडच्या कपाटात बंद. सोनोग्राफी दोनदा: २८ ते ३० दिवसांत एकदा आणि साठाव्या दिवशी.

पहिली तपासणी मला या कामात सगळ्यात जास्त आवडते. गोठ्यात खोडा क्वचितच असतो, गाय दावणीलाच मोरकी धरून उभी करायची. डावा हात खांद्यापर्यंत ग्लोव्हमध्ये. आधी शेण काढायचं, तेही पूर्ण. अर्धवट काढलं तर प्रोब आणि आतड्याच्या मध्ये हवा राहते आणि स्क्रीनवर नुसता पांढरा धूर दिसतो. प्रोब तळहातात लपवून आत न्यायचा. ग्रीवा हाताला कडक लागते, तिच्यापुढे गर्भाशय, मग त्याची दोन शिंगं. एप्रिलच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून डोक्यावर पोतं घेतलेलं. कबरीच्या उजव्या बीजांडकोशावर राखाडी, दाणेदार पीतपिंड होता, जवळजवळ अडीच सेंटीमीटरचा. म्हणजे उजवं शिंग बघायचं. तिथे काळं पाणी होतं. काळं पाणी दिसलं की "गाभण" म्हणून हात बाहेर काढणारे आहेत, त्यात आमच्या क्षेत्रातले बरेच नावाजलेले लोक आहेत. पाणी माजाचंही असतं. गर्भ दिसल्याशिवाय मी हात काढत नाही. प्रोब केसाकेसाने फिरवायचा, त्यात गाय कुंथते, मनगट आवळून मुंग्या येतात. मग शिंगाच्या तळाशी सेंटीमीटरभर पांढरट काहीतरी, आणि त्याच्या मधोमध लुकलुक. दिवस एकोणतिसावा.

"हे बघा, ठोके," मी म्हणाले. आप्पा पोत्यात शिरले. त्यांच्या पुतण्याने खालून मोबाइल घातला.

आमच्या संमतीपत्रात लिहिलेलं आहे की प्रत्येक तपासणीचा निकाल मालकाला सांगितला जाईल. मी सांगितला. आज गर्भ जिवंत आहे. दहातला एखादा इथून पुढेही दगावतो. साठाव्या दिवशी पुन्हा बघू. आप्पांनी तिन्ही वाक्यांना मान हलवली आणि पहिलं लक्षात ठेवलं.

पाच दिवसांनी शनिवार होता, काष्टीचा बाजार. तिथे गाभण गाय विकायची तर एरवी हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, शपथा घेतो, गिऱ्हाईक कुणीतरी हात घालणारा शोधून आणतं, आणि तीन महिन्यांच्या आतल्या गाभणीवर कुणी विश्वास ठेवत नाही. कबरीसाठी हेड्याने मोबाइल काढला. रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरला तो चौतीस दिवसांच्या गाभणीच्या बोलीवर. गाभण म्हणून नऊ हजार जास्त मिळाले, आप्पांनीच सांगितलं, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल चक्क कौतुक होतं.

साठाव्या दिवसाची नोंद नसेल तर ती गाय माझ्या तक्त्यात अर्धीच राहते. कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, पण मालक बदलल्याची नोंद ऑनलाइन करायची तसदी या व्यवहारात कुणीच घेतली नव्हती. हेड्याला फोन करून पत्ता काढला. भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात. उन्हं वर आली होती, तरी निघालो.

नवीन मालक तिशीतला, गोठा स्वच्छ, मुक्त संचार, फॉगर लावलेले. मी ओळख सांगितली तेव्हा तो हसला. "आवाजावरूनच ओळखलं, मॅडम. 'हे बघा, ठोके.' आमच्या सगळ्या ग्रुपवर आहे तुमचा आवाज."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. बरं वाटलं नाही एवढं नक्की.

कबरी कोपऱ्यात उभी होती. शेपटीला वाळलेला चकचकीत पापुद्रा होता. तो दिसला तेव्हाच हातातला ग्लोव्ह घालावासा वाटेना. पाठीवर हात दाबला तर तिने कंबर खाली घेतली आणि माजाचा काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट खाली लोंबला. मी तरीही तपासलं. गर्भाशय ताठ, वळलेलं, माजाचं. उजव्या बीजांडकोशावर पीतपिंडाची नुसती खूण. डावीकडे दीड सेंटीमीटरच्या वर गेलेलं बीजपुटक. साठाव्या दिवशी तिथे उंदराएवढं वासरू हवं होतं.

"आज गाभण नाही," मी सांगितलं. "माजावर आहे. संध्याकाळी रेतन करून घ्या."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग, "म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या गाईचा?"

"व्हिडिओ हिचाच. त्या दिवशी होतं."

त्याची बायको पेंडीची पाटी घेऊन उभी होती. "तरीच काल रात्रभर हंबरत होती. मी म्हणलं, घर आठवतंय." आणि मग तिने जे सांगितलं त्यावर मी अजून अडकले आहे. "आणली त्या आठवड्यातपण एक रात्र अशीच हंबरली होती."

नवी गाय हंबरतेच. तिच्याखाली सोट आहे का, हे कोण बघतं? पण गणित मनात आपोआप सुरू झालं. आजपासून एकवीस दिवस मागे गेलं की एकोणचाळिसावा दिवस, म्हणजे खरेदीनंतरचा पाचवा. ती रात्र माजाची असेल तर पीतपिंड त्याआधी दोन-तीन दिवस तरी विरलेला. आणि या वयात गर्भ मेला तरी पीतपिंड लगेच जात नाही, तो काही दिवस, कधी त्याहून जास्त, तसाच रेंगाळतो. म्हणजे ठोके बाजाराच्या आधीच थांबलेले असणार. नाहीतर ती खरंच नुसती घरासाठी हंबरली आणि गर्भ नंतर गेला. काही गाई गाभण असतानाही माज दाखवतात, तेही धरायला हवं. पिकअपमधला प्रवास, चाळीस अंशांचं ऊन, बदललेला चारा, हे सगळं कारण म्हणून सांगायला सोपं असतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. गर्भातच मुळात खोट असेल तर ती दिसत नाही.

नव्या मालकाला यातलं एकच हवं होतं: बाजाराच्या दिवशी काय होतं? त्याने आप्पांना फोन लावला, स्पीकरवर.

"मी खोटं बोललो का?" आप्पा तिकडून. "मॅडम तिथंच हायेत ना? विचारा त्यांना. ठोके दाखवले का नाय?"

"दाखवले," मी म्हणाले.

"मग झालं!"

"काय झालं, आप्पा? गाय मोकळी आहे!"

दोघेही प्रामाणिक होते, आणि भांडण त्यामुळेच मिटेना. एक लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. शेवटी नवीन मालक म्हणाला, "मॅडम, विकली तेव्हा आत मेलेलं होतं, एवढं लिहून द्या." आप्पा फोनवरून, "नाय, जित्तं होतं असं लिहा." मी साध्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. २९ वा दिवस, गर्भ जिवंत. ६० वा दिवस, गर्भ नाही, गाय माजावर. खाली सही. त्याने कागद वाचला. "मधलं?"

"मधलं माहीत नाही."

"एवढं मशीन, एवढं शिक्षण," तो म्हणाला. रागाने नाही. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

परतताना गाडीत आमचा मदतनीस मुलगा म्हणाला, पुढच्या वेळी स्क्रीन दाखवूच नका. हा सल्ला मला नंतर कॉलेजातही मिळाला. मला तो पटत नाही. गाय त्यांची, आम्ही रक्त काढतो तेव्हा मोरकी धरणारा हात त्यांचा, आणि चित्र तेवढं आमचं? शिवाय लवकर तपासणी हवी कशासाठी, तर रिकाम्या गाईचा पुढचा माज वाया जाऊ नये म्हणून. "गाभण नाही" हे २९ व्या दिवशी कळलं तर त्याचा लगेच उपयोग होतो. "गाभण आहे" याचा तेवढा भरवसा नसतो. पण बाजारात किंमत नेमकी त्यालाच मिळते.

गाईडचं म्हणणं, विकलेली गाय डेटातून वगळा, व्यवस्थापन बदललं. तक्ता त्याने स्वच्छ होईल. मी अजून वगळलेली नाही. आपला विषयच गर्भ का जातात हा, आणि गेलेला गर्भ गैरसोयीचा म्हणून काढून टाकायचा? गाई विकल्या जातात, पिकअपमध्ये चढतात, अनोळखी गोठ्यात उभ्या राहतात. श्रीगोंद्यात व्यवस्थापन म्हणतात ते हेच आहे. संशोधन केंद्रावरच्या कायम एकाच गव्हाणीला बांधलेल्या गाईंवर निष्कर्ष काढायचे आणि ते आप्पांना सांगायचे, याची आम्हाला इतकी सवय झाली आहे की त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही.

कबरीचं २९ व्या दिवसाचं रक्त डीप फ्रीझरमध्ये आहे. वारेच्या पेशींतून येणारी काही ग्लायकोप्रथिनं त्या सुमारास रक्तात मोजता येतात, आणि जे गर्भ नंतर दगावणार असतात त्यांच्यात ती बऱ्याचदा आधीच कमी असतात. किट महाग, म्हणून सगळे नमुने एकदम शेवटी लावायचे ठरलेत. तिचा आकडा कमी निघाला तर ती लुकलुक मी दाखवत होते तेव्हाच गर्भ मागे पडलेला होता, असं म्हणता येईल. चांगला निघाला तर काहीच म्हणता येणार नाही. आप्पांना आणि त्या माणसाला दोन्हीचा आता उपयोग नाही. आप्पांनी निम्मे पैसे परत केले असं ऐकलं. हेड्याने दलाली परत केली असं मात्र ऐकलं नाही.

हेड्याचा मला फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी. शनिवारी मशीन घेऊन बाजारात बसता का? गाईमागे दोनशे देतो, सावलीची सोय करतो, दिवसाला चाळीस-पन्नास गाई कुठे गेल्या नाहीत. मी नाही म्हणाले. माझं काम संशोधनाचं आहे, वगैरे.

"मग बाजाराच्या दिवशी आत काय हाये ते आमाला कोण सांगणार?" तो म्हणाला. "तुमी नाय तर कुणाला तरी शिकवा. दुसरे येतीलच मशीन घेऊन. काळं पाणी दिसलं की गाभण म्हणनारे."

पुढच्या शनिवारपर्यंत सांगते म्हटलंय.