नेसरीच्या खिंडीत, सरनौबतांपुढे

नेसरीला जायचं तर फेब्रुवारीत जावं. ऊन सोसवतं, शिवाय शिवाजी महाराजांचे सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर इथं पडले तेही याच महिन्यात, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी. कोल्हापूरहून आम्ही निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज असे आलो. संकेश्वरला मिरचीची पोती रस्त्याकडेला थप्पीनं रचलेली होती, काच खाली केली की घसा धरत होता. पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत गेलो आणि नेसरीजवळ काजूचा मोहोर दिसायला लागला.

सोबत मामा होते, बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मुद्दाम घेतलं होतं. या खिंडीबद्दल मला जे विचारायचं होतं, ते ज्यानं माणसं हाताखाली वागवली आहेत त्यालाच विचारण्यात अर्थ होता.

स्मारक कानडेवाडीच्या बाजूला आहे. मामांनी चपला काढल्या, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि कडक सॅल्यूट ठोकला. हात खाली आणायला त्यांनी बराच वेळ घेतला. मीही वाकून नमस्कार केला. मग कडेच्या सावलीत बसल्यावर ते म्हणाले, "हां, आता विचार."

हकिकत मराठी माणसाला पाठ असते, पण तिची सुरुवात नेसरीला नाही, उमराणीला होते. मार्च १६७३ मध्ये पन्हाळा स्वराज्यात आला आणि तो परत घ्यायला विजापूरकरांनी बहलोलखानाला धाडलं. प्रतापरावांनी त्याला जतजवळच्या उमराणीला एप्रिलच्या उन्हात गाठलं, कोंडलं, पाणी तोडलं. खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. महाराजांनी विचारलं, "सला काय निमित्त केला?" सला म्हणजे तह. आणि व्हायचं तेच झालं, खान पुन्हा चालून आला. मग महाराजांचा निरोप आला: त्याला बुडवून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका. आणि प्रतापराव अवघे सहा स्वार घेऊन या खिंडीत खानावर चालून गेले. सातही जण पडले.

"शरण आलेल्याला मारला नाही, ते बरोबरच," मामा म्हणाले. "पण त्याला सोडायचं की नाही, हे वर विचारायला पाहिजे होतं. तो निर्णय एकट्या सरनौबताचा नव्हता."

"आणि इथं?"

त्यांनी खिंडीकडं बोट केलं. "पलीकडं किती माणूस आहे, हे बघायला दोन स्वार पाठवतात. सरनौबत स्वतः जात नाही. तो गेला की मागच्या लष्करानं कुणाकडं बघायचं?"

मुंबईकर इंग्रजांचे दुभाषे नारायण शेणवी यांचं त्याच वर्षीचं पत्र आहे. दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले, बाकीची फौज त्यांच्या मागं गेली नाही आणि त्या दिवशी बहलोलखानाची सरशी झाली, असं त्यात आहे. मला हे पत्र फार अस्वस्थ करतं. मागं लष्कर होतं. ते थांबलं, की त्याला कुणी सांगितलंच नाही?

आमचं बोलणं शेजारी बसलेल्या पोरांनी ऐकलं. मोटरसायकलला भगवे लावून आलेली कॉलेजची मुलं. त्यातला एक उठून आला. "काका, तुम्ही इथं येऊन चुका काढताय?" डोळ्यांत खरोखरचा राग होता आणि मला तो आवडला.

मामा शांतपणे म्हणाले, "बस बाळा. साल्हेर माहीत आहे का?" त्याला माहीत होतं. १६७२ साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापरावांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, ती लढाई. "साल्हेर मारणारा माणूस साधा शिपाई नव्हता. त्याला सेनापती म्हणायचं, तर त्याच्याकडं सेनापतीचाच हिशेब मागायचा."

मुलानं बाकीच्या सहा जणांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. परंपरेनं सांगितली जाणारी ती नावं, त्यात सिद्दी हिलालही आला. ऐकताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते या सहांचं. निरोप त्यांना आलेला नव्हता. उमराणीचा निर्णयही त्यांचा नव्हता. धनी निघाला म्हणून ते निघाले. सरनौबतांच्या वेडाचं कौतुक करताना त्या वेडानं आणखी सहा माणसं नेली, हेही मोजलंच पाहिजे.

एक प्रश्न महाराष्ट्रात दबक्या आवाजातही विचारला जात नाही, तो मी विचारला. तो निरोप इतका कडक हवा होता का? मामा म्हणाले, "हुकूम फत्ते करायचा होता. मरायचा नव्हता." मला हे पुरेसं वाटत नाही. मानी माणसाला 'तोंड दाखवू नका' म्हटलं की त्याची परतीची वाट बंद होते. हा भार थोडा रायगडाकडंही जातो आणि महाराजांनी तो नाकारला नाही, असं मी मानतो. एक बाजू पडली म्हणून ते कष्टी झाले, असं सभासद लिहितो. लष्कर त्यांनी हंबीरराव मोहित्यांकडं सोपवलं. प्रतापरावांची लेक जानकीबाई १६८० मध्ये राजारामांची राणी झाली. जाब विचारणारे तेच आणि त्या घराशी सोयरीक करणारेही तेच.

परतताना सामानगडावर चढलो. गडहिंग्लजपासून जवळ आहे, चुकवू नका. १८४४ चं गडकऱ्यांचं बंड इथूनच पेटलं. जांभ्या दगडात कोरलेल्या सात कमान विहिरीच्या पायऱ्या उतरताना डोक्यावरून एकेक कमान मागं पडत जाते आणि हवा गार होते. खालच्या पायरीवर मामा टेकले.

"तू असतास तर बहलोलला सोडला असतास?"

"महाराजांना विचारल्याशिवाय नाही."

"निरोप जाऊन उत्तर यायला दिवस लागतात. तोवर एप्रिलात, माणसांचं आणि जनावरांचं पाणी तोडून बसला असतास?"

मी काही बोललो नाही. पुढच्या एप्रिलात उमराणीला जायचं आमचं ठरलं आहे.